अर्ध्या मिनिटाचा फरक

मी भित्री बाई आहे. पालीला भिते, लिफ्टला भिते, अनोळखी नंबरवरून फोन आला की उचलायला भिते. या अंकाच्या संपादकबाईंनी "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहून द्या" असं सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग आठ दिवस कागदासमोर बसून राहिले. गमती आहेत, त्या सांगते. पण एकदा लिहायला बसल्यावर मधलीच एक गोष्ट सोडून बाकीचं सांगणं म्हणजे पाहुण्यांना पुढची खोली दाखवून मागचं दार लावून घेण्यासारखं होईल. तेव्हा तीही सांगणार आहे. छापायची की नाही ते बाईंनी ठरवावं.

आधी माझा धंदा काय ते सांगायला हवं, कारण सख्ख्या बहिणीलाही तो अजून कळलेला नाही. ती लोकांना सांगते, "आमची ताई कॉम्प्युटरवर काहीतरी करते." करते ते एवढंच: एखादी गोष्ट खरोखरीची करून बघणं परवडत नाही किंवा धोक्याचं असतं, तेव्हा ती कॉम्प्युटरमध्ये खोटी खोटी करून बघायची. कारखान्यात यंत्रं कशी मांडावीत, दवाखान्यात खिडक्या किती असाव्यात, लोकांना रांगेत कसं उभं करावं. चार-सहा पर्याय असतात. प्रत्येक पर्याय आत चालवून बघायचा आणि सांगायचं, यातला हा बरा. साठी उलटलेल्या बाईची भातुकलीच म्हणा.

यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. चालवायचं, ज्याचा आकडा चांगला तो निवडायचा. मलाही तसंच वाटायचं. सातपूरच्या एका कारखान्यात मी नवी नवी लागले तेव्हा यंत्रांच्या पाच मांडण्या माझ्याकडे आल्या. मी प्रत्येक एकदा चालवली. चौथी सगळ्यांत वेगवान निघाली. मी टाइप केलेला कागद घेऊन ऐटीत गायधनी सरांच्या टेबलापाशी गेले. गायधनी सर म्हणजे आमचे साहेब. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि कुणावरही न ओरडता त्याला रडवायची हातोटी. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "छान. उद्या सकाळी परत चालवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत चालवलं तर चौथी मांडणी शेवटून पहिली.

मला दरदरून घाम फुटला. वाटलं, मशीन बिघडलं. मशीनला काही झालं नव्हतं. आतल्या खोट्या कारखान्यातही खऱ्यासारखाच नशिबाचा भाग असतो: कधी यंत्र बंद पडतं, कधी माल उशिरा येतो, कधी कामगार चहाला जास्त वेळ लावतो. आदल्या दिवशी चौथीचं नशीब चांगलं होतं, एवढंच. सर म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा करतात, कारण तो भात एका पातेल्यात एकसारखा शिजतो. आपला भात तसा नाही. आपल्याला मूठ मूठ उपसून बघावं लागतं."

नाशिक रोडच्या आमच्या घरून सातपूरला जायच्या दोन वाटा आहेत, एक द्वारका चौकावरून आणि एक मागून. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरी, असं करून कुणी म्हणालं की मागची बरी, तर तो फसणार, कारण त्या एका दिवशी द्वारकेला ट्रक बंद पडला असेल. निदान महिनाभर दोन्ही वाटांनी जाऊन बघायला हवं. आता किती दिवस जायचं, हे ठरवणं म्हणजे माझं शास्त्र. त्याची रीत अशी: पहिल्या फेरीत प्रत्येक पर्यायाला वीस-वीस वेळा चालवायचं आणि कोण किती लहरी आहे ते बघायचं. जो लहरी, त्याला दुसऱ्या फेरीत जास्त वेळा चालवायचं. शेवटी जो निवडला, तो शंभरात पंच्याण्णव वेळा खरोखरच चांगला असेल, अशी हमी देता येते. उरलेल्या पाच वेळांची भीती मी नोकरीभर डब्यासोबत घेऊन हिंडले.

निवृत्त झाल्यावर घरूनच छोटी कामं घ्यायला लागले. एक गिऱ्हाईक विसरणार नाही. मंगल कार्यालयाचे मालक. जेवणाची टेबलं कशी मांडली की गर्दी तुंबत नाही, ते त्यांना हवं होतं. गृहस्थ स्वतः येऊन माझ्या खुर्चीशेजारी बसले. त्यांच्या मनात दुसरी मांडणी होती, कारण तीत गुलाबजामचा काउंटर दारातून दिसायचा. आकडे वर-खाली होत होते, आणि दुसरी जरा पुढे गेली की ते म्हणायचे, "बास, आता थांबवा." मी म्हणायचे, "असं मधेच थांबवता येत नाही." "अहो पण आत्ता पुढे आहे ना ती!" शेवटी मी त्यांना सांगितलं, आपली टीम पुढे असताना स्टंप उपटून घरी जायचं म्हणजे मॅच जिंकणं नव्हे. ते हिरमुसले. दुसरी हरली. तरी त्यांनी मांडणी दुसरीच केली आणि गुलाबजामपाशी तुंबलेल्या गर्दीत मीही एका लग्नाला ताट घेऊन उभी राहिले. तिथे भीती कसली? फार तर भात गार झाला.

आता ती गोष्ट.

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे हायवेला लागून एक द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. मालकांना विलासराव म्हणते. खरं नाव वेगळं आहे. स्वतःची बाग, मग इतरांचा माल घेऊन परदेशी पाठवणं, मग पॅकहाऊस, मग त्याला जोडून कोल्ड स्टोरेज, असा माणूस पायरी पायरीने वर गेलेला. लांबलचक हॉल, त्यात वीस टेबलं, टेबलाला आठ बायका. घड उचलायचा, कात्रीने खराब मणी काढायचे, वजन करून डब्यात भरायचा. पुढच्या टोकाला दार, मागच्या टोकाला भिंत, आणि भिंतीपलीकडे कोल्ड स्टोरेजची यंत्रं. त्या यंत्रांत अमोनिया वायू असतो. गार करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही म्हणतात. पण तो गळला तर डोळे, नाक, घसा जाळत जातो. परदेशी खरेदीदाराची अट होती की गळती झाली तर एकशे साठ बायका बाहेर कशा पडणार, याची योजना दाखवा.

विलासरावांच्या इंजिनिअरने सहा नकाशे काढले होते. कुठे पुढचं दार रुंद करायचं, कुठे नवं दार काढायचं, कुठे टेबलांमधली वाट मोठी करायची. मी ठरवायचं होतं की भोंगा वाजल्यापासून शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत कुठल्या नकाशात सगळ्यांत कमी वेळ लागतो.

आता माझ्या रीतीतली एक गोष्ट सांगायची राहिली. सुरुवातीला एक आकडा स्वतःहून ठरवावा लागतो. तो म्हणजे, किती फरक असला तर तो फरक नाहीच असं धरायचं. दोन पर्यायांत एका सेकंदाचा फरक असेल तर तो शोधत बसायला मशीन महिनोन्महिने चालवावं लागेल, आणि एवढ्याशा फरकाने कुणाचं काय बिघडतं? म्हणून गिऱ्हाइकाला विचारायचं, तुमच्या लेखी कितीच्या आतला फरक सारखाच? हा आकडा निम्मा केला की मशीनचं काम चौपट होतं, हेही सांगायचं.

मी विलासरावांना विचारलं. ते फोनवर कंटेनरचं बोलत होते. हात फोनवर ठेवून म्हणाले, "मॅडम, अर्धं मिनिट इकडं-तिकडं, त्यानं काय फरक पडतोय? चहाच्या सुट्टीवरून परत यायला दहा मिनिटं लावत्यात बायका."

मी हसले. मशीनमधल्या त्या आकड्याच्या चौकटीत तीस लिहिलं. तीस सेकंद.

खरं सांगायचं तर त्यांनी म्हटलं म्हणून नुसतं नाही लिहिलं. मलाही ते सोयीचं होतं. तीस सेकंद धरले तर माझ्या जुन्या लॅपटॉपला चार तास लागत होते. पाच धरले असते तर छत्तीसपट, म्हणजे सहा दिवस. अहवाल परवा द्यायचा होता. दुपारी जेवून मशीन चालू केलं, संध्याकाळच्या चहाला उत्तर आलं. तिसरा नकाशा: पुढचं दार रुंद करा. पाचवा त्याच्या जवळपासच होता. त्यात बाजूच्या भिंतीत, मागच्या टेबलांपाशी, नवं दार काढायचं होतं. मी लिहिलं, "तीन आणि पाच व्यवहारतः सारखेच आहेत. तिसरा निवडावा." विलासराव खूश झाले, कारण बाजूच्या भिंतीला त्यांना खोकी रचायची होती. पुढचं दार रुंद झालं. खरेदीदाराचा माणूस येऊन बघून गेला.

पुढच्या सीझनला, द्राक्षं ऐन भरात असताना, दुसऱ्याच एका कामासाठी मी तिथे गेले. हॉलच्या भिंतीवर माझा नकाशा लावलेला होता. हिरवे बाण, खाली माझं नाव. मला आवडलं ते, का नाही आवडणार? मी तिथे उभी राहून बघत होते तर मागून एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, डोक्याला कामाची टोपी, हातात कात्री. सुमनबाई. विसाव्या टेबलाच्या पुढारी. विसावं म्हणजे अगदी मागचं, कोल्ड स्टोरेजच्या भिंतीला लागून.

"तुमीच काढलाय का ह्यो नकाशा?"

"हो."

"आमच्या टेबलापासनं दार लय लांब पडतंय, ताई."

मी त्यांना समजावून सांगितलं. सहा नकाशे होते, हा निवडला. बाजूला दार काढलं असतं तरी फार तर अर्ध्या मिनिटाचा फरक पडला असता. हे सगळं मी शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगितलं. मला आठवतंय.

सुमनबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमी त्यो वास घेतलाय का कवा?"

"नाही."

"मी घेतलाय. पहिले ज्या पॅकहाऊसला व्हते ना, तितं थोडासाच सुटला व्हता. श्वास घ्यावा तर आत आग, नाय घ्यावा तर जीव जातोय. डोळं उघडंना. भिंत चाचपत गेले मी. अर्धं मिनिट त्यात लय असतं, ताई." त्या रागावलेल्या नव्हत्या. माझ्याकडे एक माहिती नव्हती, ती त्यांनी दिली, आणि कात्री चालवत टेबलाकडे परत गेल्या.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, हातातलं घड्याळ काढा. आमचे हे प्रेसमधून निवृत्त झालेले, वेळेचे पक्के. मी श्वास रोखला आणि स्वयंपाकघरातून निघून फाटकापर्यंत चालायला लागले. तुळशीपाशीच छाती फुटायला आली आणि मी तोंड उघडलं. हे म्हणाले, "बावीस सेकंद. या वयात पोहायला शिकतेस की काय?"

मी पायरीवर बसले.  तीस हा आकडा मी लिहिला होता. तीस सेकंदांचा फरक म्हणजे काही फरक नाही, असं मी एकशे साठ बायकांच्या वतीने लिहून दिलं होतं आणि खाली सही केली होती. गणितात कुठेही चूक नव्हती. आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय अशी चूक कुणी करणार नाही. साध्या माणसाला विचारलं असतं तर त्याने आधी विचारलं असतं, कुणाचे तीस सेकंद?

त्याच दिवशी चौकटीत पाच लिहून मी मशीन परत चालू केलं. सहा दिवस. ते सहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पेपर आला की आधी जिल्ह्याचं पान उघडायचे आणि 'गळती' हा शब्द शोधायचे. पाण्याच्या पाइपची गळती निघाली तरी ती बातमी शेवटपर्यंत वाचायचे. पिंपळगावच्या बाजूने कुणाचा फोन आला की आधी ह्यांना उचलायला लावायचे. लॅपटॉप गरम होऊन बंद पडू नये म्हणून त्याच्याखाली दोन वाट्या ठेवल्या होत्या आणि समोर टेबलफॅन. हे म्हणायचे, "पेशंट कसा आहे?" एरवी मला हसू आलं असतं. मी देवाला म्हणत होते, दोन्ही सारखेच निघू देत. माझ्या बाजूने आकडा लागावा म्हणून मी आयुष्यात त्याआधी कधी देवाला सांगितलं नव्हतं. गायधनी सर असते तर त्यांनी मला खोलीबाहेर काढलं असतं.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. पाचवा नकाशा चांगला होता. एकोणीस सेकंदांनी.

आणि ते एकोणीस सेकंद सगळ्यांत वाटलेले नव्हते. मी आकड्यांच्या आत जाऊन बघितलं. पुढच्या टेबलांना दोन्ही नकाशे सारखेच. शेवटची बाई कुठल्या टेबलाची असते ते बघितलं तर जवळजवळ प्रत्येक वेळी विसाव्या.

मी विलासरावांकडे गेले. वाईट माणूस नाही हो तो, हे मुद्दाम लिहिते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून माझाच अहवाल काढून समोर ठेवला. "मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय, दोन्ही सारखेच. मी तुमच्या शब्दावर बांधलं."

"चूक माझी आहे. म्हणूनच आले."

"आता भिंत फोडायची म्हणजे हॉल बंद. धूळ उडणार, मालावर बसणार. झाडावरचा माल माझ्यासाठी थांबणार हाय का? किती लोकांचा माल ठरलाय आपल्याकडं." ते खरंच काळजीत पडले होते. "पाच आठवडे थांबा. सीझन उरकला की दुसऱ्या दिवशी दार काढतो. यंत्रं गेल्याच महिन्यात तपासलीत. आणि एक करा, बायकांपाशी बोलू नका. उगाच घाबरतील, कामाला यायच्या नायत."

मी मान डोलवली.

का डोलवली? भित्रेपणा. त्यांना नव्हते मी भीत. मी भीत होते त्या भिंतीवरच्या नकाशाखाली असलेल्या माझ्या नावाला. आज बायकांना सांगायचं म्हणजे हॉलमध्ये उभं राहून म्हणावं लागलं असतं की मी चुकले. पाच आठवड्यांनी दार झालं असतं तर काही म्हणावंच लागलं नसतं. आणि मनातल्या मनात मी हिशेबही मांडला होता, की इतक्या वर्षांत गळती झाली नाही तर नेमकी या पाच आठवड्यांत कशाला होईल? संख्याशास्त्राची बाई मी. नोकरीत हाताखालच्या पोराने असं लिहिलं असतं तर मी त्याचा कागद फाडला असता.

बाहेर पडताना सुमनबाई दिसल्या. चहाच्या सुट्टीत भिंतीशी टेकून बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि ओंजळीतले मणी पुढे केले, घडातून काढलेले, पण गोड. "ताई, नकाशाचं काय झालं वो? मालकाकडं गेलता ना?"

"बघतोय," मी म्हटलं. "सीझन झाला की बघू."

"बरं," त्या म्हणाल्या. मी चार मणी घेतले आणि रिक्षात बसले.

तेवीस दिवसांनी, सकाळी साडेअकराला, फोन वाजला. हे बाजारात गेले होते, मलाच उचलावा लागला. विलासराव होते. आवाज ओळखू येईना. यंत्रांच्या खोलीत एका व्हॉल्व्हपाशी गळती झाली होती. भोंगा वाजला होता. सगळ्या बायका बाहेर होत्या, सगळ्या जिवंत होत्या. तिघींना दवाखान्यात आणलं होतं. मी विचारलं नाही कुठल्या टेबलाच्या. मला माहीत होतं.

दोघी संध्याकाळी घरी गेल्या. सुमनबाई राहिल्या. पुढारी म्हणून त्यांनी टेबलावरच्या सात जणींना आधी काढलं, वाटेत एकीचा पाय क्रेटमध्ये अडकला तो सोडवला, आणि त्या शेवटी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, डोळेही वाचले, पण छाती पहिल्यासारखी होणार नाही. जिना चढणं, ओझं उचलणं, थंडीत काम करणं, हे आता विसरायचं.

चार दिवस मी दवाखान्यात गेले नाही. ह्यांनी रोज विचारलं, मी रोज काहीतरी कारण काढलं. पाचव्या दिवशी हे बूट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल, मी रिक्षा थांबवलीय."

सुमनबाई उशीला टेकून बसल्या होत्या. नाकाला नळी. आवाज बसलेला, कुजबुजल्यासारखा. मला बघून त्यांनी पाय जवळ घेतले आणि कॉटवर जागा करून दिली. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं बोलून टाकलं, कारण बसले असते तर जमलं नसतं. तीस सेकंदांचं सांगितलं, सहा दिवसांचं सांगितलं, एकोणीसचं सांगितलं. "तुम्ही मला मणी दिलेत ना, त्या दिवशी मला सगळं माहीत होतं. तुमचं टेबल सगळ्यांत मागे राहणार हे माहीत होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी नाकाची नळी सारखी केली. मला वाटलं, आता शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"मंग सांगितलं का नाय?"

"सीझन चालू होता. भिंत फोडायची म्हणजे हॉल बंद ठेवावा लागला असता. मालक म्हणाले, पाच आठवडे—"

"भिंत कशाला फोडायची?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "दार काढायला."

"दार नको व्हतं, ताई." त्या थांबल्या, श्वास घेतला, परत थांबल्या. "आमी आठ जणी. मला सांगितलं असतं तर आमी त्या टेबलावर बसलोच नसतो. येक-येक बाई दुसऱ्या टेबलांवर घुसवली असती. जरा दाटीनं उभं राहिलं असतं. मालकाला बी काय कळलं नसतं." परत श्वास. "टेबल मोकळं ठेवायला काय लागतंय?"

त्यांनी हे मला टोचून म्हटलं नाही. कामातली गोष्ट होती, त्यांना येत होती, मला येत नव्हती. नकाशाच्या वेळी अमोनियाच्या वासाचं सांगितलं तसंच त्यांनी हेही सांगितलं. मी मात्र तिथे उभी राहू शकले नाही. बाहेर येऊन बाकावर बसले. हे शेजारी येऊन बसले.

सहा नकाशे होते. सहांत भिंती हलत होत्या, दारं हलत होती, वाटा रुंद होत होत्या. पण सहाही नकाशांत वीस टेबलं आणि टेबलाला आठ बायका होत्या, कारण विलासरावांनी दिलेल्या कागदावर तसं होतं आणि मी ते उतरून घेतलं होतं. माझी रीत सहांमधला सगळ्यांत चांगला काढून देते, शंभरात पंच्याण्णव वेळा. सातवा कागदावर नसेल तर ती बिचारी काय करणार? आणि सातवा ज्यांना ठाऊक होता त्या तिथेच, मी नकाशा बघत उभी होते त्याच हॉलमध्ये, कात्र्या चालवत होत्या.

सीझननंतर बाजूचं दार झालं. विलासराव स्वतः सुमनबाईंच्या घरी जाऊन आले, अजूनही जातात. सुमनबाई आता पॅकहाऊसला जात नाहीत. घरापाशी बसून भाजीच्या जुड्या बांधून देतात, तेवढंच झेपतं. मी महिन्यातून एकदा जाते. त्या मला चहा देतात आणि बोलताना मधेच थांबून श्वास घेतात. त्या थांबल्या की मी मनात सेकंद मोजायला लागते. ही खोड मला जडलीय, जात नाही.

कामं घेणं मी बंद केलंय. लॅपटॉप मात्र कपाटात आहे आणि त्यात त्या हॉलची फाइल. दवाखान्यातून आल्यावर मी तीत सातवा नकाशा तयार केला. करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत: विसाव्या टेबलापुढच्या आठच्या जागी शून्य लिहिलं, आठ टेबलांवर एकेक बाई वाढवली. भिंती जशाच्या तशा. आता फक्त चालू करायचं आणि सहा दिवस वाट बघायची. ह्यांनी दोनदा विचारलं, "त्याचं काय झालं?" मी म्हटलं, करते. आज इतके महिने झाले, मी ते चालू केलेलं नाही. मला भीती वाटते की तो जिंकेल.